गाणाऱ्याने काळी एक मागितली: नोटेशनची चार सॉफ्टवेअरं वापरून, प्रिंट काढून बघितली त्याबद्दल

स्नेहसंमेलनाला अकरा दिवस राहिले होते, प्रार्थना पांढरी एक पट्टीत बसवून झाली होती, म्हणजे सी मेजर, सगळ्या मुलांना नोटेशन वाटून झालेलं, व्हायोलिनवाल्या मुलींचं तर पाठसुद्धा झालेलं, आणि ज्याला गायचं होतं तो आमचा माजी विद्यार्थी पहिल्यांदा तालमीला आला, एक कडवं गायला आणि म्हणाला, "मॅडम, हे मला खाली पडतंय, काळी एक करता येईल का?" काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, पांढरी एकच्या अर्धा सूर वर. त्याचं बरोबर होतं. अर्धा सूर वर नेल्याबरोबर त्याचा आवाज असा मोकळा झाला की तालमीच्या खोलीत सगळी पोरं वाजवायची थांबून त्याच्याकडे बघायला लागली.

पेटीवाल्याला काहीच नाही, त्याची स्केल चेंजर आहे, एक खटका सरकवला की झालं. तबला सुराला लावून घेतला. सिंथवाल्या मुलाने ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबलं. पण माझ्याकडे दोन क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, एक आल्टो सॅक्सोफोन आणि चार व्हायोलिन आहेत, ही आठ मुलं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच ओळींवर लिहिलेले सूर, वाचून वाजवतात आणि त्यांच्यासाठी पट्टी बदलली म्हणजे कागदच बदलला. माझे काका पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, ते असं काही झालं की रात्रभर बसून शाईने सगळे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, नव्याने उतरवायचे, मी लहानपणी त्यांना पट्टीने पाच पाच ओळी आखून द्यायचे. त्यामुळे हे काम किती जिवावरचं आहे ते मला नीट माहीत आहे आणि कॉम्प्युटर ते काही सेकंदात करतो याचं मला आजही मनापासून अप्रूप आहे.

गेल्या सहा-सात वर्षांत मी म्युझस्कोर, सिबेलियस, डोरिको आणि लिलीपाँड ही चारही वापरून बघितली, काही फुकट आवृत्त्या, काही ट्रायल. ट्रान्सपोजचं बटण सगळ्यांकडे आहे, त्यावर निवड करण्यात अर्थ नाही. मी प्रत्येकाला एकच परीक्षा लावते. बत्तीस बारची तीच प्रार्थना टाकायची, काळी एकमध्ये न्यायची, सेकंड क्लॅरिनेटचा पार्ट वेगळा काढून ए फोर कागदावर छापायचा आणि सातवीतल्या मुलाच्या स्टँडवर ठेवायचा, त्याला काहीही समजावून न सांगता. तो थांबला कुठे, डोळे बारीक केले कुठे, ते बघायचं. सॉफ्टवेअरबद्दल जे कळायचं ते तिथेच कळतं.

आता काळी एकमध्ये गोम कुठे आहे ते सांगते, कारण निवड करताना हेच पहिलं तपासायला हवं. काळी एक म्हणजे एकच सूर, पण तो कागदावर दोन प्रकारे लिहिता येतो, सी शार्प (सीपेक्षा अर्धा सूर वर) किंवा डी फ्लॅट (डीपेक्षा अर्धा सूर खाली). सी शार्प मेजर लिहिलं तर सात शार्प, डी फ्लॅट मेजर लिहिलं तर पाच फ्लॅट. त्यात क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही बी फ्लॅटची वाद्यं, त्यांनी कागदावरचा सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणून त्यांचा कागद एक पूर्ण सूर वर लिहावा लागतो. आल्टो सॅक्स ई फ्लॅटचा, त्याचा कागद मेजर सिक्स्थने, म्हणजे नऊ अर्ध्या सुरांनी, वर. मग डी फ्लॅट धरलं तर क्लॅरिनेटच्या कागदावर येतं ई फ्लॅट मेजर, तीन फ्लॅट, एकदम सोयीचं, आणि सॅक्सच्या कागदावर बी फ्लॅट, दोनच. पण सी शार्प धरलं तर हिशेबाने क्लॅरिनेटला डी शार्प मेजर येतं, म्हणजे नऊ शार्प, म्हणजे दोन सुरांवर डबल शार्प, दोनदा चढवलेला सूर. असा कागद मुलाच्या हातात दिला तर तो वाद्य पेटीत ठेवून घरी जाईल.

म्युझस्कोरमध्ये मी मुद्दाम सी शार्प टाकून बघितलं, त्याने क्लॅरिनेटला आपणहून ई फ्लॅट दिला. वाद्याच्या सेटिंगमध्ये शार्प पाहिजेत की फ्लॅट की आपोआप असं निवडता येतं, ते आपोआपवरच ठेवा. लिलीपाँडमध्ये मात्र तुम्ही जे लिहाल ते शब्दशः होतं, सिस म्हणालात तर सात शार्प, देस म्हणालात तर पाच फ्लॅट, डिस म्हणालात तर डबल शार्पसकट पूर्ण डी शार्प मेजर. त्याची मूळ सुरांची नावं डच आहेत, म्हणून हे सिस आणि देस. मला त्याचा हा सरळपणा आवडतो, पण ज्याला हा हिशेब अजून पक्का नाही त्याने तिथून सुरुवात करू नये.

म्युझस्कोरबद्दल सविस्तर लिहिते, कारण शाळेचं रोजचं काम मी त्यावरच करते. हे पूर्ण फुकट आहे, ओपन सोर्स आहे, वेर्नर श्वेअर नावाच्या माणसाने २००२ मध्ये सुरू केलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा त्याचं रूप खूप बदललं, आता त्याला म्युझस्कोर स्टुडिओ म्हणतात. इथे एक गोष्ट नवीन माणसाने नीट समजून घ्यायला पाहिजे. सॉफ्टवेअर वेगळं आणि त्याच नावाची नोटेशन शेअर करण्याची वेबसाइट वेगळी. वेबसाइटवरून लोकांनी टाकलेलं नोटेशन डाउनलोड करायला वर्गणी लागते, सॉफ्टवेअरला एक पैसाही लागत नाही. पालक मला विचारतात की मॅडम, हे तर पैसे मागतंय, तेव्हा दहापैकी नऊ वेळा ते सॉफ्टवेअर सोडून वेबसाइटवर गेलेले असतात. डाउनलोड करताना शेवटी डॉट ऑर्ग असलेल्या साइटवरून करा.

त्यात पट्टी बदलायला सगळं सिलेक्ट करायचं, टूल्समध्ये ट्रान्सपोज, तिथे पट्टीने, इंटर्व्हलने (दोन सुरांमधल्या अंतराने) किंवा त्याच पट्टीत पायरीपायरीने असे तीन मार्ग आहेत. आपल्याला बहुतेक वेळा पहिला लागतो. खाली की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीचे शार्प-फ्लॅट) आणि कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) नावं बदलायची का असे चौकोन असतात, ते दोन्ही टिक आहेत ना ते बघा, नाहीतर सूर वर जातात आणि वर लिहिलेले कॉर्ड जुनेच राहतात, आणि गिटारवाला मुलगा प्रामाणिकपणे जे लिहिलंय ते वाजवत बसतो.

दुसरं म्हणजे कॉन्सर्ट पिच. स्क्रीनवर खालच्या पट्टीवर हे बटण आहे. ते चालू असलं की सगळी वाद्यं खऱ्या सुरात दिसतात, मला बसून हार्मनी तपासायला ते सोयीचं पडतं, पण प्रिंट काढायच्या आधी ते बंद करायचं. एकदा माझं चालू राहिलं, मी घाईत सगळे पार्ट छापून आणले आणि क्लॅरिनेट, ट्रम्पेट एक सूर खाली आणि सॅक्स तिसरीकडेच असं सगळं एकदम वाजलं. मुलांची काहीच चूक नव्हती, त्यांनी कागद बरोबर वाचला होता. तेव्हापासून मी प्रिंटआधी पहिल्या ओळीतली की सिग्नेचर बोटाने मोजते, प्रत्येक वाद्याची.

आणि सुरुवातीला वाद्य निवडताना खरं वाद्य निवडा, क्लॅरिनेट इन बी फ्लॅट असंच. बरेच जण पियानोची ओळ घेऊन तिचं नाव क्लॅरिनेट ठेवतात आणि मग हाताने एक सूर वर नेतात. कागद बरोबर येतो, पण कॉम्प्युटरवर वाजवून ऐकलं की सगळं बेसूर, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पट्टी बदलायची वेळ आली की आधी किती सरकवलं होतं ते आठवत नाही. जुना हाताने लिहिलेला क्लॅरिनेटचा पार्ट टाइप करायचा असेल तर मात्र कॉन्सर्ट पिच बंद ठेवून जसा दिसतो तसा टाका, बाकीचं तो सांभाळतो. काकांची एक वही मी अशीच पूर्ण टाकली.

सिंथवाल्या मुलाची वेगळीच गंमत आहे. तो ट्रान्सपोजचं बटण दाबून बोटं सी मेजरमध्येच ठेवतो, सगळे असंच करतात, त्यात चूक काही नाही. पण मग त्याला डी फ्लॅटचा कागद देऊन उपयोग नाही, त्याला जुनाच सीचा कागद लागतो, तर बाकीच्या स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र कागदात, तो डी फ्लॅटमध्ये हवा. यासाठी स्टाफ पार्ट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कीबोर्डला ट्रान्सपोजिंग वाद्य करता येतं, मायनर सेकंड, म्हणजे अर्धा सूर, वर. मग तो क्लॅरिनेटसारखाच वागायला लागतो, ऐकू येतं डी फ्लॅट आणि कागदावर सी. हे सापडलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

पट्टी बदलल्यावर वाद्याच्या आवाक्याबाहेर गेलेला सूर म्युझस्कोर लाल करून दाखवतो, आणि पक्क्या वादकाला जमेल पण नवशिक्याला अवघड जाईल असा सूर पिवळसर दिसतो. हे रंग कागदावर छापले जात नाहीत. शाळेच्या मुलांसाठी लिहिताना मी पिवळ्यालाही लालच समजते. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार जी, त्याखाली काही नाहीच, त्यामुळे पट्टी खाली नेली की तिथे हमखास लाल दिवे लागतात.

व्हायोलिनवरून आठवलं. हे कोणतंच सॉफ्टवेअर तुम्हाला सांगत नाही आणि मला वाटतं सांगायला हवं. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. डी फ्लॅट मेजरमध्ये यातला एकही सूर नाही. म्हणजे काळी एकमध्ये त्या मुलींना एकही मोकळी तार वापरता येत नाही, प्रत्येक सूर बोटाने दाबायचा, आणि नवशिक्या मुली सूर जुळवायला मोकळ्या तारेचाच आधार घेतात. त्यापेक्षा अर्धा सूर आणखी वर, पांढरी दोन म्हणजे डी मेजर केलं तर व्हायोलिनला स्वर्ग, पण मग क्लॅरिनेटला ई मेजर चार शार्प आणि सॅक्सला बी मेजर पाच शार्प. फुंकून वाजवायची वाद्यं फ्लॅटमध्ये सुखी आणि तारेची शार्पमध्ये, हा तिढा जुनाच आहे. मी त्या दिवशी दोन्ही पट्ट्यांचे पूर्ण सेट पंधरा मिनिटांत छापले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वाजवून बघितलं. गाणाऱ्याला पांढरी दोन वरच्या कडव्यात ताणत होती, म्हणून काळी एकच ठेवली आणि व्हायोलिनचा पार्ट नव्याने लिहिला, लांब सूर, कमी बोटं, उड्या नाहीत. मुली आधी हिरमुसल्या, कारण पाठ केलेलं गेलं. पण असा प्रयोग करून बघता आला हेच मोठं आहे, हाताने उतरवायच्या काळात तोंडी चर्चेवरच ठरवावं लागलं असतं.

सिबेलियस मी आधी एका मित्राच्या कॉम्प्युटरवर वापरलं, मग त्याची फुकट आवृत्ती घरी टाकली. हे बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी बनवलं, १९९३ मध्ये एकॉर्न कॉम्प्युटरवर आलं, २००६ मध्ये अॅव्हिड कंपनीने घेतलं. अजूनही रेकॉर्डिंग आणि अरेंजिंगच्या धंद्यातली भरपूर मंडळी यावरच आहेत. मॅग्नेटिक लेआउट नावाचा प्रकार आहे, त्यात खुणा, शब्द, डायनॅमिक्स (लहान-मोठ्या आवाजाच्या खुणा) एकमेकांवर चढायला लागले की आपोआप बाजूला सरकतात, आणि छापलेलं पान खरंच स्वच्छ दिसतं, परीक्षेत याला माझ्याकडून चांगले मार्क. पण फुकट आवृत्तीत एकावर एक फक्त चार स्टाफपर्यंत (पाच रेघांचा एक स्टाफ) लिहिता येतं. चौकडीला, एखाद्या गायक आणि पियानोला पुरतं, माझ्या बँडला पुरत नाही. पूर्ण आवृत्ती वर्गणीवर आहे. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे, तरी शाळेला दर वर्षी वर्गणी मंजूर करून घेणं म्हणजे काय असतं ते शाळेत नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको.

डोरिकोचा जन्म सिबेलियसमधूनच झाला असं म्हटलं तरी चालेल. २०१२ मध्ये अॅव्हिडने लंडनचं ऑफिस बंद केलं, तिथल्या टीमला स्टाइनबर्गने घेतलं आणि त्यांनी नव्याने बांधलेलं सॉफ्टवेअर २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये डोरिको नावाने आलं. प्रिंटच्या बाबतीत माझं मत सरळ आहे, चौघांत सगळ्यात कमी हात लावावा लागतो तो याला. पार्ट आपोआप तयार असतात, ओळींची मांडणी पहिल्याच फटक्यात अशी येते की बदलावंसं वाटत नाही, आणि छपाईसाठी वेगळी खिडकीच आहे, तिथे पुस्तिका, एका कागदावर दोन पानं, दोन्ही बाजूंनी असं सगळं निवडता येतं. सेकंड क्लॅरिनेटवाला मुलगा याच्या कागदावर एकदाही थांबला नाही. फुकट आवृत्ती आहे, तिच्यात वादकांच्या संख्येला मर्यादा आहे, लहान ग्रुपला ती चालून जाईल. मला त्यात अडचण आली ती डोक्यातल्या मांडणीची, इथे ओळ नसते तर वादक असतो, गाणं नसतं तर फ्लो असतो, हे एकदा डोक्यात बसलं की फार छान आहे, पण बसायला मला दोन आठवडे लागले. आणि बोटांची सवय! म्युझस्कोरमध्ये एक मात्रेचा सूर म्हणजे क्रॉचेट पाचच्या आकड्यावर, डोरिकोत सहावर, सिबेलियसच्या कीपॅडवर चारवर. एकातून दुसऱ्यात गेलं की दिवसभर सगळं दुप्पट किंवा अर्ध्या लयीत पडतं.

जर कोणी मोठ्या वाद्यवृंदासाठी, कॉयरसाठी, रोज नोटेशन छापत असेल आणि त्यावर पैसे कमावत असेल, तर मी डोरिको विकत घ्या म्हणेन, आढेवेढे न घेता. शाळा, सोसायटी, चर्चचा छोटा कॉयर, गणपतीतला बँड यांना म्युझस्कोर.

लिलीपाँड वेगळ्याच जातीचं आहे. १९९६ मध्ये दोन डच तरुणांनी सुरू केलं, फुकट आहे, आणि त्यात माउसने सूर टाकायचेच नसतात, साध्या मजकुरात अक्षरं लिहायची आणि शेवटी त्यातून पान तयार होतं. पट्टी बदलायला ट्रान्सपोज हा शब्द आणि पुढे दोन सूर, कुठून कुठे, बस्स. एकदा संगीत लिहिलं की त्याच फाईलमधून सीचा, बी फ्लॅटचा, ई फ्लॅटचा पार्ट तीन ओळींत निघतो. आणि छपाई! जुन्या युरोपियन हाताने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापायचे तसं पान दिसावं हाच त्यांचा हट्ट, आणि ते जमलेलं आहे, ओळींची जाडी, सुरांमधलं अंतर, सगळं डोळ्याला शांत वाटतं. माझ्या एका विद्यार्थ्याचा भाऊ प्रोग्रामर आहे, त्याला मी हे दाखवलं तर तो दोन दिवसांत माझ्यापुढे गेला. पण तालमीच्या मध्ये कोणी म्हणालं की मॅडम, सतराव्या बारमध्ये हा सूर कोमल पाहिजे, तर स्क्रीनवर त्या सुरावर बोट ठेवून बदलणं मला बरं पडतं. फ्रेस्कोबाल्डी नावाचा एडिटर सोबत घेतला तर एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पान दिसतं, तेवढा तरी घ्याच.

ब्राउझरमध्ये चालणारी फ्लॅट, नोटफ्लाइट वगैरे आहेत, मुलांना घरचा अभ्यास द्यायला ठीक आहेत, छपाईसाठी मी ती वापरत नाही. फोनवरचं एक अॅप घेतलं होतं, त्याने ट्रान्सपोज केल्यावर सगळे फ्लॅट शार्प करून टाकले, ते काढून टाकलं.

आता प्रिंट, जिथे सॉफ्टवेअरचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं. पहिलं, कागदाचा साइज. बऱ्याच डाउनलोड केलेल्या फाईली अमेरिकन लेटर साइजच्या असतात, तो आपल्या ए फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. पेज सेटिंगमध्ये ए फोर करून मग ओळी पुन्हा बघायच्या. दुसरं, झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ दिली की तिथे फिट टू पेज चालू असतं, पान थोडं आक्रसतं. आपल्या साध्या मजकुराला त्याने काही होत नाही, पण पाच ओळींची उंची सात मिलिमीटरची सहा झाली तर दीड हात लांब स्टँडवर ती वाचता येत नाही. मी आता दुकानात उभं राहून सांगते, अॅक्च्युअल साइज, शंभर टक्के, आणि पहिलं पान हातात आल्यावर पट्टीने मोजते. दुकानातला मुलगा आता मला बघितलं की आपणहून पट्टी काढतो. मोठ्या वादकांच्या पार्टला सात मिलिमीटर चांगलं, माझ्या मुलांना मी आठ देते, माझ्या स्वतःच्या पूर्ण स्कोअरला पाचसुद्धा चालतं.

कागद नेहमीचा झेरॉक्सचा पातळ घेऊ नका, स्टेजवर मागून लाइट आला की पाठीमागच्या पानावरचे सूर पुढे दिसतात, आणि आमच्या एका मुलीने खरंच ते वाजवले होते. शंभर जीएसएमचा घ्या. चार पानांचा पार्ट असेल तर ए थ्रीवर छापून मधोमध घडी घाला, सुटी पानं पंख्याच्या वाऱ्याने उडतात. आणि पान उलटायची जागा. सॉफ्टवेअर जिथे पान संपवेल तिथेच मुलाला सहा बार सलग वाजवायचं असतं. म्युझस्कोरमध्ये बार सिलेक्ट करून एंटर दाबलं की ओळ तुटते, कंट्रोल एंटरने पान तुटतं, मी प्रत्येक पार्टमध्ये विश्रांतीचा बार शोधून तिथे पान तोडते, भले खाली अर्धं पान रिकामं राहू दे. एम दाबलं की सलग रिकामे बार एकत्र होऊन वर आकडा येतो, मुलांना रिकामे बार एकेक मोजायला लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

देवनागरी शब्दांचं पण सांगते. म्युझस्कोरमध्ये सुरांखाली मराठी शब्द लिहिता येतात, फक्त त्याच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाहीये, कॉम्प्युटर दुसराच कुठलातरी फॉन्ट घेतो आणि उंची बिघडते. स्टाइलमध्ये टेक्स्ट स्टाइल्स, तिथे लिरिक्सच्या सम आणि विषम ओळींना नोटो किंवा मुक्त (Mukta) या नावाचा देवनागरी फॉन्ट एकदाच लावून टाका. अक्षरं तोडताना जोडाक्षर मध्ये तोडू नका, अर्ध्या अक्षराचा पाय मोडलेला दिसतो. जिथे शब्द ताणला जातो तिथे अंडरस्कोर दिला की रेघ पुढे जाते.

मी दुसऱ्या ओळीत सारेगम पण लिहिते, कारण निम्मी मुलं आधी पेटी शिकून आलेली आहेत. आणि यात एक फार सुंदर गोष्ट आहे. पट्टी बदलली की वरचे सगळे सूर, सगळे शार्प-फ्लॅट बदलतात, पण खालचं सारेगम तसंच राहतं, त्याला हात लावावा लागत नाही, कारण आपला सा पट्टीबरोबर चालतो. मुलांना ट्रान्सपोज म्हणजे काय हे मी आता असंच शिकवते, पांढरी एक आणि काळी एकचे दोन कागद शेजारी ठेवून.

छापील कागदावरून फोटो काढून सूर ओळखणारी सॉफ्टवेअरं आहेत, ऑडिव्हेरिस फुकट आहे, फोनवर प्लेस्कोअर आहे. स्वच्छ छापलेल्या पानाला उपयोगी, हाताने लिहिलेल्या वहीला नाही. काकांच्या वहीवर माझे दोन रविवार गेले आणि शेवटी मी ती टाइपच केली. स्कॅन केलंत तर प्रत्येक बारमधल्या मात्रा आधी मोजा, टाय (दोन सूर जोडणारी रेघ) आणि ट्रिप्लेट (दोनच्या जागी तीन सूर) तिथेच चुकतात, आणि पट्टी बदलायच्या आधी सगळ्या चुका काढा, नंतर त्या सापडत नाहीत.

शेवटचं, फाईल कशात ठेवायची. फिनाले हे १९८८ पासूनचं, जगभर वापरलेलं सॉफ्टवेअर, २०२४ च्या ऑगस्टमध्ये मेकम्युझिक कंपनीने त्याचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. पस्तीस वर्षांचं लोकांचं लिखाण त्यात आहे. ते वाचून मी त्याच आठवड्यात माझ्या सगळ्या फाईलींची म्युझिकएक्सएमएलमध्ये आणि पीडीएफमध्ये कॉपी काढली. म्युझिकएक्सएमएल ही यातल्या बहुतेक सॉफ्टवेअरांना समजणारी सामायिक भाषा आहे, मांडणी थोडी विस्कटते पण सूर आणि शब्द शाबूत राहतात. प्रत्येक गाण्याचं फोल्डर, त्यात मूळ फाईल, एक्सएमएल, पीडीएफ, आणि नावात पट्टी, काळी एक, पांढरी दोन, अशी मराठीतच.

काळी एकचा कार्यक्रम चांगला झाला. आता मार्चमध्ये निरोप समारंभ आहे, यावेळी दहावीतली मुलगी गाणार आहे आणि तिची पट्टी काळी चार, म्हणजे ए फ्लॅट. क्लॅरिनेटला बी फ्लॅट येईल, दोनच फ्लॅट, सॅक्सला एफ, एकच. व्हायोलिनला चार फ्लॅट आहेत, पण जीची मोकळी तार तरी मिळतेय, त्यांचा पार्ट मी आज रात्री लिहायला बसतेय.